रडीचा डाव टाळायचा कसा? ऑनलाइन लढाईच्या खेळांत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या खेळाची माझी पहिली ऑनलाइन मॅच मी सपाटून हरले. प्रत्येक राउंडच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात मी आडवी, आणि उरलेला वेळ इतरांचा खेळ बघत बसलेली. कुठल्याही कोपऱ्यावरून वळावं, तर समोरचा जणू माझीच वाट बघत उभा. पाचव्यांदा असं झाल्यावर मी चॅटमध्ये लिहिलं, 'हा हॅकर आहे, सगळ्यांनी रिपोर्ट करा.' त्याचं उत्तर दोन शब्दांत आलं: 'पावलं ऐकली.'

त्या खेळात धावलं की पावलांचा आवाज लांबपर्यंत जातो आणि शिफ्ट दाबून चाललं की जात नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मी घोड्यासारखी दणदणत येत होते आणि तो हेडफोन लावून शांतपणे ऐकत होता.

खिलाडूवृत्तीवर बोलताना लोक स्वभावाकडे वळतात: अमका शांत, तमका तापट. मला वाटतं मूळ अडचण वेगळी आहे. आपण हरलो आणि आपल्यावर अन्याय झाला, या दोन गोष्टी नव्या खेळाडूला सारख्याच टोचतात. त्या वेगळ्या ओळखता येऊ लागल्या की तापट माणूसही बऱ्यापैकी नीट खेळतो. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. गोळीबाराचे खेळ, एकास एक फायटिंग गेम, पाच-पाचच्या संघांचे खेळ, शंभर जणांतला शेवटचा उरेल तो जिंकतो असे बॅटल रॉयल, सगळीकडे त्या थोड्याफार फरकाने लागू पडतात.

पहिली पायरी: मॅच शोधण्याआधी

आधी घड्याळ बघा. माझ्या अनुभवात ऑनलाइन खेळ जितके चीटिंगने नासतात, त्याहून जास्त अर्ध्यावर उठून जाणाऱ्यांमुळे नासतात. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये आधी १३ राउंड जिंकणारा संघ मॅच जिंकतो, आणि त्यात अर्धा तास सहज जातो. डोटा २ या पाच-पाचच्या संघांच्या खेळाची मॅच पाऊण तास चालणं नेहमीचंच. पाचातला एक निघून गेला की उरलेल्या चौघांचा तेवढा वेळ पाण्यात जातो. वीस मिनिटांनी उठायचं असेल तर ट्रेनिंग रेंजमध्ये नेम धरा, नाहीतर ज्यात कधीही आत-बाहेर करता येतं असा डेथमॅच खेळा. रँक्ड मॅचला, म्हणजे जिच्या निकालावर तुमची श्रेणी (रँक) ठरते अशा मॅचला, तेव्हा हात लावू नका.

मग कनेक्शन. शक्य असेल तर वाय-फाय सोडून केबल लावा आणि मागे चालू असलेली डाउनलोडं थांबवा. फायटिंग गेममध्ये याला फार महत्त्व आहे. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर, चालतात, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. स्ट्रीट फायटर ६ मधले सर्वांत चपळ ठोसे ४ फ्रेममध्ये लागतात. आता तुमच्या कनेक्शनने मध्येच १०० मिलिसेकंदांचा हिसका दिला, तर सहा फ्रेम गेल्या. त्यात समोरच्याचा एक अख्खा ठोसा बसतो किंवा नाहीसा होतो, आणि तुमच्या घरच्या नेटचा भुर्दंड त्याला पडतो. म्हणूनच त्या खेळात समोरचा वाय-फायवर आहे की केबलवर, हे मॅच स्वीकारण्याआधीच दाखवतात. वाय-फायवाल्याला कुणी नकार दिला तर तो अपमान समजू नका.

शेवटी म्यूट, ब्लॉक आणि रिपोर्टची बटणं कुठे आहेत ते शांत डोक्याने शोधून ठेवा. ऐन रागात ती सापडत नाहीत, आणि मग बोटं चॅटकडे वळतात. व्हॉइस चॅट पहिल्या दिवसापासून चालू ठेवलंच पाहिजे असंही नाही. बाईचा आवाज ऐकू आला की काहींचा खेळावरचा ताबा सुटतो, हे मला लवकरच कळलं. पहिले काही महिने मी ते बंदच ठेवलं होतं आणि माझं काही अडलं नाही.

दुसरी पायरी: 'हे चालतं का?' हा प्रश्न विचारायला शिका

नवा खेळाडू ज्याला चीटिंग म्हणतो त्यातलं बरंचसं चीटिंग नसतं. कोपऱ्यात दबा धरून बसणं, म्हणजे कॅम्पिंग. लांबून एकच अस्त्र पुन्हा पुन्हा फेकणं. सारखी एकच पकड मारणं. या गोष्टी चिडवणाऱ्या आहेत हे मला मान्य आहे. पण त्या खेळाच्या आतल्या आहेत, तुम्हालाही तितक्याच खुल्या आहेत, आणि प्रत्येकीवर उतारा आहे. कॅम्परवर ग्रेनेड टाका. अस्त्र येताना उडी मारायची वेळ शिका. उतारा माहीत नसताना 'असं खेळू नकोस' म्हणणं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

मी तीन प्रश्न विचारते. पहिला: समोरचा जे करतोय ते खेळाच्या आत राहून मलाही करता येईल का? दुसरा: यात बाहेरून काही आलंय का, एखादा प्रोग्रॅम, यंत्र, दुसऱ्याचा स्क्रीन, दुसऱ्याचं अकाउंट? तिसरा: या खेळाच्या किंवा या स्पर्धेच्या नियमांत यावर काही लिहिलंय का?

पहिल्या दोन प्रश्नांत बहुतेक गोष्टींचा निकाल लागतो. आपोआप नेम धरणारा एमबॉट, भिंतीपलीकडचं दाखवणारा वॉलहॅक, स्वतःचं नेट मुद्दाम अडखळवणारा लॅग स्विच, हे सगळं बाहेरून आलेलं. प्रतिस्पर्धी लाइव्ह स्ट्रीम करत असेल आणि तुम्ही दुसऱ्या खिडकीत त्याचा स्ट्रीम बघून त्याला गाठत असाल, तर तेही बाहेरचंच, मग एकही प्रोग्रॅम वापरलेला नसो. मेलेल्या मित्राने फोनवरून 'तो जिन्याखाली आहे' असं सांगणं? ज्या खेळात किंवा स्पर्धेत मेलेल्यांनी जिवंतांशी बोलायचं नाही असा नियम आहे तिथे तेही चीटिंग. २०१८ साली आशियातल्या एका मोठ्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत ऐन सामन्यात एक खेळाडू चीटसह पकडला गेला. फाइलचं नाव त्याने 'वर्ड' ठेवलं होतं, जणू सामन्याच्या मध्ये तो अर्ज लिहायला बसणार होता. त्याचा संघ स्पर्धेतून बाद झाला आणि पुढे मोडलाच.

खरा घोळ तिसऱ्या प्रश्नात आहे, कारण खेळात चुका राहिलेल्या असतात. ड्रीमहॅक विंटर २०१४ या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत फ्नॅटिक आणि एलडीएलसी हे संघ समोरासमोर होते. निर्णायक नकाशा होता ओव्हरपास, आणि अर्ध्या मॅचला फ्नॅटिक ३-१२ असे मागे होते. मग त्यांचे खेळाडू एकमेकांच्या डोक्यावर चढून अशा जागी पोचले, जिथून विरोधी संघाच्या वाटा दूरवर दिसत होत्या. खेळ बनवणाऱ्यांनी तिथे कुणी उभं राहील असं धरलेलंच नव्हतं. फ्नॅटिकने १६-१३ अशी मॅच फिरवली (तेव्हा जिंकायला १६ राउंड लागत). तक्रार झाली, एलडीएलसीनेही अशीच एक जागा वापरल्याचं निघालं, आणि आयोजकांनी मॅच पुन्हा खेळायला सांगितली. फ्नॅटिकने ती सोडून दिली.

यात कुणी बाहेरचं काही वापरलं नव्हतं. म्हणूनच हे उदाहरण डोक्यात ठेवण्यासारखं आहे: 'खेळ मला करू देतो' म्हणजे 'खेळाचा नियम आहे' असं नव्हे. २०२० मध्ये तर काउंटर-स्ट्राइकच्या ३७ प्रशिक्षकांवर ई-स्पोर्ट्स इंटेग्रिटी कमिशनने बंदी घातली. खेळात राहिलेल्या एका चुकीमुळे, म्हणजे बगमुळे, प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एखाद्या जागी अडकून राहायचा आणि विरोधी संघ दिसायचा. तो बग त्यांनी निर्माण केला नव्हता, पण दिसल्यावर हात वर करून सांगितलंही नाही. तुम्हाला असा बग सापडला तर एकदा ट्रेनिंग मोडमध्ये खात्री करा, व्हिडिओ घ्या, कंपनीला कळवा. रँक्ड मॅचमध्ये वापरू नका.

आणि रेषा सरकते, हेही लक्षात असू द्या. दोन विरुद्ध दिशांच्या कळांमधली अदलाबदल आपोआप करून देणारे कीबोर्ड निघाले. डावीकडून उजवीकडे पळताना पटकन थांबून गोळी झाडणं हे काउंटर-स्ट्राइकमधलं मेहनतीने कमवायचं कसब, ते हा कीबोर्ड स्वतःच करू लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने आपल्या अधिकृत सर्व्हरवर हे बंद केलं, आणि तसं आढळलं की मॅचमधून बाहेर काढायला सुरुवात केली. दुसऱ्या एखाद्या खेळात तोच कीबोर्ड चालत असेल. तेव्हा नवीन खेळ सुरू करताना त्याचा नियम त्याच्याच पानावर वाचा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

एक पोटप्रकार: रिवाज. डार्क सोल्समध्ये द्वंद्व ठरवून खेळणारे आधी वाकून नमस्कार करतात आणि मध्ये औषध पीत नाहीत. फॉर ऑनरमध्ये दोन-दोनच्या लढाईत आपला शत्रू मारून झाल्यावर जोडीदाराच्या लढाईत घुसायचं नाही, असं मानणारे बरेच आहेत. हे रिवाज छान आहेत, पाळून बघा, खेळाला वेगळीच रंगत येते. पण ते नियम नाहीत. समोरच्याने पाळले नाहीत म्हणून त्याला शिव्या घालायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. त्याला कुणी ते सांगितलेच नसतील. उलट बॅटल रॉयलच्या सोलो मॅचमध्ये अनोळखी माणसाशी हातमिळवणी करणं दिसायला मैत्रीचं असलं, तरी बहुतेक खेळांत ते नियमाविरुद्ध आहे. शंभरातले बाकीचे अठ्ठ्याण्णव एकेकटे लढत असतात.

तिसरी पायरी: मॅच चालू असताना तोंड कशासाठी उघडायचं

माहितीसाठी. 'दोघे डावीकडे, एक जखमी' हे उपयोगी. 'अरे काय करतोयस' हे निरुपयोगी, कारण त्याने काय केलं ते त्यालाही दिसलेलंच असतं. बोलायचं नसेल तर पिंग वापरा, म्हणजे बटण दाबून त्या जागेवर खूण करा. एपेक्स लेजेंड्सने २०१९ मध्ये पिंगची अशी पद्धत आणली की माइक न लावताही शत्रू, हत्यार, जायची दिशा, सगळं एका बटणाने दाखवता येतं. आता बऱ्याच खेळांत तसं काही ना काही असतं. मात्र एकाच जागी वीस वेळा पिंग करणं म्हणजे शब्द न वापरता केलेली शिवीगाळच.

तुम्ही मेलात आणि संघातला शेवटचा एकटा उरलाय? गप्प बसा. त्याला पावलं ऐकायची आहेत. तुमचा सल्ला कितीही बरोबर असला तरी तो आवाजच आहे.

चुकून आपल्याच माणसाला गोळी लागली तर लगेच 'सॉरी' लिहा. अनोळखी माणसाला चूक आणि कुरापत यांतला फरक तेवढ्याच एका शब्दावरून कळतो. रेनबो सिक्स सीजमध्ये स्वकीयांना मारण्याचा उपद्रव इतका वाढला होता की २०१९ मध्ये त्यांनी उलटा मार सुरू केला: स्वकीयांना मारत राहिलात की ती इजा तुम्हालाच होते.

कुणी अद्वातद्वा बोलायला लागला तर म्यूट करा. आधी एक टोमणा मारून मग म्यूट करायचा मोह होतो, मलाही होतो. पण तो टोमणा वाचून तो उरलेली मॅच तुम्हाला धडा शिकवण्यात घालवतो, आणि संघात पाचाचे साडेतीन उरतात.

चौथी पायरी: हरत असताना

इथे माणूस कळतो. ०-९ अशी मॅच असली की कुणीतरी कोपऱ्यात जाऊन भिंतीवर गोळ्या झाडत बसतो, किंवा मुद्दाम शत्रूच्या तोंडी जातो. आपल्याकडे याला जुना शब्द आहे: रडीचा डाव. लीग ऑफ लेजेंड्ससारख्या खेळांत शरण जाण्यासाठी मतदान असतं. ते एकदा मागा. इतरांनी नाही म्हटलं तर खेळा. दर दोन मिनिटांनी पुन्हा मतदान लावू नका.

एकास एक खेळात रडीचा डाव म्हणजे हार दिसताच कनेक्शन तोडणं. स्ट्रीट फायटर ५ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हा असं पळून जाणाऱ्यांना नीट शिक्षाच नव्हती; पळणाऱ्याचे गुण शाबूत राहायचे आणि जिंकत आलेल्याच्या हाती काही लागायचं नाही. लोक इतके वैतागले की खेळ बनवणाऱ्या कॅपकॉमला आधी पळणाऱ्यांचे गुण कापावे लागले आणि मग शिक्षेची यंत्रणा आणावी लागली. डोटा २ मध्ये वरचेवर मॅच सोडणाऱ्याला 'लो प्रायॉरिटी' रांगेत टाकतात. तिथून बाहेर पडायला ठरावीक मॅच जिंकाव्या लागतात, आणि सोबतीला असतात तुमच्यासारखेच पळपुटे. ही शिक्षा ज्याने शोधली त्याला माणसाचा स्वभाव पक्का कळलेला असणार.

नेट खरंच गेलं तर? परत जोडून या. बहुतेक खेळ परत आत येऊ देतात. आल्यावर एका ओळीत सांगा आणि खेळा.

पाचवी पायरी: समोरचा खरंच चीट करतोय असं वाटलं तर

आधी एक गोष्ट समजून घ्या. 'मी भिंतीआड गेलो होतो तरी गोळी लागली' ही तक्रार नव्यांच्या तोंडी नेहमी असते, आणि बहुतेक वेळा त्यात कुणाचा दोष नसतो. तुमची हालचाल समोरच्याच्या स्क्रीनवर पोचायला वेळ लागतो. त्याने गोळी झाडली तेव्हा त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावर होता. सर्व्हर तेवढा वेळ मागे जाऊन बघतो, त्याला दिसत होतं ते खरं मानतो आणि गोळी मंजूर करतो. तोवर तुमच्या स्क्रीनवर तुम्ही भिंतीमागे पोचलेले असता. याच हिशेबाने तुमच्याही कितीतरी गोळ्या मंजूर झालेल्या असतात, त्यांची आठवण कुणाला राहत नाही.

तरी संशय असेल तर मॅच संपेपर्यंत चॅटमध्ये काही लिहू नका. खेळ रिप्ले देत असेल तर त्या खेळाडूच्या नजरेतून तीन-चार राउंड बघा. भिंतीमागच्या माणसावर त्याचा नेम सतत चिकटून हलतोय का? की आवाज ऐकून, जागा ओळखून तो आधीच तयार राहतोय? मी असे जितके रिप्ले पाहिले त्यातून माझ्या मनातले हॅकर भराभर कमी झाले आणि शिकायला मात्र भरपूर मिळालं.

रिप्लेनंतरही खात्री वाटली तर रिपोर्ट करा, योग्य प्रकार निवडून. चीटिंगच्या रकान्यात 'वाईट खेळतो' भरू नका. मग सोडून द्या. शिक्षा लगेच दिसेलच असं नाही: वाल्व्हची चीट पकडणारी व्हॅक ही यंत्रणा २००२ पासून आहे आणि ती मुद्दाम उशिरा, एकगठ्ठा बंदी घालण्यासाठी ओळखली जाते. पकडल्याबरोबर हाकललं तर चीट बनवणाऱ्याला आपलं नेमकं काय उघडं पडलं ते कळेल ना. व्हॅकची बंदी कायमची असते, रदबदलीने उठत नाही. संशयिताचं नाव आणि प्रोफाइल जगभर फिरवण्याचं काम मात्र तुमचं नाही. चुकलात तर परत घेता येत नाही.

सहावी पायरी: स्मर्फ होऊ नका, पोसू नका

थोडं जमायला लागलं की हा मोह येतो. नवं अकाउंट काढायचं, खालच्या रँकमध्ये उतरायचं आणि नवख्यांना झोडपायचं. असं करणारा तो स्मर्फ. शब्द जुना आहे. १९९० च्या दशकात वॉरक्राफ्ट २ मधल्या दोन तगड्या खेळाडूंशी कुणी खेळेना, म्हणून ते स्मर्फ या कार्टूनमधल्या पात्रांची नावं घेऊन खेळू लागले, आणि नाव चिकटलं.

यात काय बिघडतं ते आकड्यात बघा. बहुतेक रँक पद्धतींचं मूळ बुद्धिबळातल्या एलो गुणांकनात आहे. अर्पाड एलो यांची ही पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल तर वरचढाला अकरा डावांतले दहा मिळतील असं ती सांगते. रँक असते ती हा फरक टाळून बरोबरीची लढत जुळवण्यासाठी. स्मर्फ नेमकं तेच मोडतो. एमबॉट नसला तरी समोरच्याच्या दृष्टीने निकाल आधीच लागलेला असतो. मित्राला अकाउंट देऊन 'माझी रँक चढवून दे' म्हणणं हाही त्याचाच भाऊ. मग तुम्ही अशा मॅचमध्ये जाऊन पडता जिथे चौघे तुमच्यावर विसंबून आहेत आणि तुम्हाला तिथलं काही जमत नाही.

नवख्या मित्रासोबत खेळायचं असेल तर खासगी लॉबी काढा, हवं तर त्याला लिंबूटिंबू म्हणून सवलत द्या. तिथे नियम तुमचे.

सातवी पायरी: संपल्यावर

'जीजी' लिहा, म्हणजे 'गुड गेम', छान खेळ झाला. एवढंच. स्टारक्राफ्टमध्ये हरणाऱ्याने आधी 'जीजी' लिहून हार कबूल करायची पद्धत पडली; तिथे जिंकणाऱ्याने घाईने लिहिलं तर 'संपव आता' असा उद्धट अर्थ निघतो. बाकी खेळांत कुणीही आधी लिहिलं तरी चालतं. 'ईझी' मात्र कधीच नाही. ओव्हरवॉचमध्ये 'जीजी ईझी' लिहिलं की खेळ त्याजागी आपणहून भलतंच, लिहिणाऱ्याचंच हसं करणारं वाक्य छापायचा. पडलेल्या शत्रूवर उठाबशा काढणं यावर मतं वेगळी आहेत. मित्रांत गंमत असते. अनोळखी माणसासोबत मी करत नाही, कारण पलीकडे दहा वर्षांचं पोर आहे की दिवसभर राबून आलेला माणूस आहे हे मला दिसत नाही.

चांगला खेळलेल्याला कौतुकाचं बटण दाबा. ओव्हरवॉचमध्ये २०१८ पासून, डोटात त्याच्याही आधीपासून ही सोय आहे, आणि जिथे प्रतिस्पर्ध्यासाठीही ती वापरता येते तिथे कुणाला आठवत नाही. सलग तीन हरलात तर उठा, पाणी प्या, चौथी उद्या. हरून चिडल्यावर तसंच खेळत राहण्याच्या अवस्थेला पोकरवाले टिल्ट म्हणतात. त्यात रँक घसरते ती वेगळीच, रिपोर्टही तेव्हाच मिळतात.

आणि काही महिन्यांनी एखाद्या मॅचमध्ये तुम्ही कोपऱ्यावर नीट ऐकत उभे असाल, कुणीतरी दणदणत येईल, पडेल, आणि चॅटमध्ये तुम्हाला हॅकर म्हणेल. त्याला सांगा, शिफ्ट दाबून चालायचं.